लग्नात सनईवाला हवा की पेन ड्राइव्ह? ('हिशेबी' यांच्या लेखाला सविस्तर उत्तर)

अंतरपाट

'हिशेबी' यांनी परवा लग्नखर्चाला कात्री लावण्याविषयी जो लेख लिहिला, त्यातील रुखवत, मानपान आणि आहेराच्या साड्यांबद्दलचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे. मात्र शेवटाकडे त्यांनी सहज जाता जाता लिहिले आहे की, पंधरा हजार रुपये मोजून सनई-चौघड्याची पाच माणसे बोलावण्यापेक्षा बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई पेन ड्राइव्हवर घेऊन कार्यालयाच्या स्पीकरला जोडावी, म्हणजे भारतरत्नाचे वादन फुकटात मिळते, 'आणि तसेही मांडवात कोणी ऐकत नसते'. या शेवटच्या वाक्याने मला इतका त्रास झाला की तिथे दोन ओळींची प्रतिक्रिया देऊन गप्प बसणे शक्य झाले नाही.

गेल्या वैशाखात माझ्या भाचीचे लग्न पुण्यातील एका कार्यालयात झाले. मुहूर्त सकाळी १० वाजून ४२ मिनिटांचा होता आणि सनईची जबाबदारी धाकट्या भाच्याच्या मोबाइलवर होती. आधी अर्धा तास त्या मोबाइलवरून मारवा चालू होता. भर सकाळी सूर्यास्ताचा राग ऐकून माझे वडील अस्वस्थपणे खुर्ची बदलत होते, पण तेही सोडून देऊ. गुरुजींनी अंतरपाट धरला, मामा मुलीला घेऊन आले, भाच्याला सनई बंद करण्याची खूण करायला सगळे विसरले, आणि तेवढ्यात ती सनई आपली आपणच थांबून एक पुरुषी आवाज संपूर्ण मांडवात घुमला, 'आपल्याला तातडीने वैयक्तिक कर्ज हवे आहे का?' तीनशे माणसांनी एकाच वेळी वधूपित्याकडे पाहिले. माझे मेहुणे हातात अक्षता घेऊन उभे होते आणि कार्यालयाचा शेवटचा हप्ता त्यांना त्याच दुपारी द्यायचा होता.

जाहिरातीचा दोष जाहिरातीचा, हे मी जाणते. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. आपल्या लग्नविधीत संगीत हे निव्वळ पार्श्वभूमीला नसते. 'आली लग्नघडी समीप' हे मंगलाष्टक आपण सर्वांनी ऐकलेले आहे, आणि त्याच्या शेवटच्या चरणात 'वाजंत्री बहु गलबला न करणे' असे वाजंत्र्यांना उद्देशून स्पष्ट सांगितलेले आहे. म्हणजे ज्याने कोणी हे रचले, त्याने ऐकणारा, थांबणारा आणि 'वाजवा रे वाजवा' म्हटल्याबरोबर पुन्हा सुरू करणारा माणूस मांडवात गृहीत धरलेला होता. पेन ड्राइव्हला गलबला करू नकोस असे सांगून पाहावे.

आणि एक. माझ्या मावसबहिणीच्या पाठवणीच्या वेळी गाडी सुरू झाली होती, परंतु तिची आजी अजून आतल्या खोलीतून बाहेर आली नव्हती. सनईवाल्याच्या ते लक्षात आले. त्याने वाजवत आणलेली धून समेवर न सोडता शेवटचीच ओळ पुन्हा पुन्हा फिरवत ठेवली, आणि म्हातारी काठी टेकत गाडीच्या दारापाशी पोहोचली, नातीच्या गालाला हात लावला, तेव्हाच त्याने सूर खाली आणला. त्याला कोणी सांगितले नव्हते. 'कोणी ऐकत नसते' असे म्हणणाऱ्यांनी, निदान वाजवणारा आपल्याकडे बघत असतो, एवढे तरी लक्षात घ्यावे.

हिशेबी

आपले उत्तर वाचले. आजीचा प्रसंग हृद्य आहे, परंतु एका प्रसंगावरून पंधरा हजारांचा खर्च समर्थनीय ठरत नाही. तसा प्रसंग मीही सांगू शकतो. २००९ साली माझ्या स्वतःच्या लग्नात सनईवाले चाळीस मिनिटे उशिरा आले, कारण त्यांनी त्याच दिवशी दोन मुहूर्त घेतलेले होते, आणि त्याच कारणासाठी ते पाठवणीपूर्वीच निघून गेले. मधल्या काळात त्यांनी जे वाजवले, त्यात तीन सिनेगीते होती आणि त्यांतील एक विरहाचे होते. वाजवणारा आपल्याकडे बघत असतो हे खरे असेल, पण आमचा वाजवणारा घड्याळाकडे बघत होता.

दुसरे असे की, ध्वनिमुद्रित संगीताला कमी लेखणे ही सुखवस्तू माणसांची चैन आहे. माझ्या थोरल्या आत्याचे लग्न लालबागच्या चाळीच्या गच्चीवर झाले. आजोबा गिरणीत होते, वाजंत्री बोलावण्याची ऐपत नव्हती. शेजारच्या बिऱ्हाडातून ग्रामोफोन आणि खाँसाहेबांची एक तबकडी उसनी आणली होती. तीन-साडेतीन मिनिटांत एक बाजू संपायची, म्हणून माझ्या वडिलांना, ते तेव्हा अकरा वर्षांचे होते, केवळ तबकडी उलटण्यासाठी बसवून ठेवले होते. ते अजून अभिमानाने सांगतात की ताईच्या लग्नात बिस्मिल्ला खाँ वाजले. संस्थानिकांच्या दारात वाजणारी सनई त्या तबकडीमुळे चाळीत आली, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

जाहिरातीबद्दल एवढेच म्हणेन की, वर्गणी न भरता मोबाइलवर गाणी लावणे हा आपल्या भाच्याचा दोष आहे, ध्वनिमुद्रणाचा नव्हे. मारव्याबद्दलही तेच.

सोलापुरी चादर

दोन्ही बाजूंच्या विद्वानांना सनईपलीकडे वाद्य माहीत नाही, याचे वाईट वाटते. आमच्याकडे सुंदरी आहे. सनईहून लहान, आवाज बारीक आणि गोड, त्यामुळे लहान घरातल्या कार्यालाही ती शोभते. अक्कलकोट दरबाराचा आश्रय तिला मिळाला होता आणि सोलापूरच्या जाधव घराण्याने ती पिढ्यान्पिढ्या सांभाळली. पुण्यामुंबईच्या लोकांनी एकदा ऐकावी आणि मगच प्रत्यक्ष की ध्वनिमुद्रित हा वाद घालावा.

छांदिष्ट

प्रत्यक्ष संगीताचा एवढा कैवार घेतला जात असताना, मांडवातील सर्वांत भयंकर प्रत्यक्ष संगीताचा उल्लेख कोणीच करत नाही, याचे मला नवल वाटते. मी नातेवाइकांनी गायलेल्या मंगलाष्टकांविषयी बोलतो आहे.

मागच्या महिन्यात एका लग्नात सात नातेवाइकांनी मिळून अकरा मंगलाष्टके म्हटली. मुहूर्त टळून तेवीस मिनिटे झाली, नवरदेवाच्या हातातील हार खाली आला, गुरुजी तीन वेळा 'सावधान' म्हणाले, तरी वराकडील एक काकू पर्स उघडून दुसरा कागद काढत होत्या. मंगलाष्टकांचे शार्दूलविक्रीडित हे एकोणीस अक्षरांचे वृत्त आहे, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम आहे, म-स-ज-स-त-त-ग असे त्याचे गण, म्हणजे लघु-गुरु अक्षरांचे गट, ठरलेले आहेत. या काकूंच्या एका चरणात मी तेवीस अक्षरे मोजली. वराचे नाव 'सिद्धार्थ' होते. त्यांना ते सातव्या अक्षरापासून हवे होते, जिथे लघु-गुरु-लघु असा ज-गण येतो, म्हणून त्यांनी भर मांडवात मुलाचे नाव 'सिधार्थ' असे बदलून टाकले. निदान मंगलाष्टकांपुरते तरी ध्वनिमुद्रण सक्तीचे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सनईविषयी मला काहीच म्हणायचे नाही.

आत्याबाई

वरील प्रतिसाद माझ्याविषयी नसावा अशी आशा आहे, परंतु तो माझ्याविषयीही असू शकला असता, म्हणून उत्तर देते. गेल्या तीस वर्षांत मी आमच्या घराण्यातील चाळीसहून अधिक लग्नांत मंगलाष्टके रचून म्हटली आहेत. त्यांत आजी-आजोबांची, गावाची, कुलदैवताची नावे येतात. जे आजोबा लग्न पाहायला उरले नाहीत, त्यांचे नाव त्या एका चरणापुरते मांडवात उच्चारले जाते, आणि ते ऐकून नवऱ्या मुलीच्या आईने डोळ्यांना पदर लावला नाही असे एकही लग्न मला आठवत नाही. 'छांदिष्ट' त्या वेळी अक्षरे मोजत होते, हे त्यांनीच कबूल केले, ते बरे झाले.

ध्वनिमुद्रित मंगलाष्टके मीही ऐकली आहेत. आवाज उत्तम, वृत्त निर्दोष, आणि शेवटी 'वधूवरांचे' असे म्हणून मोकळे होतात. कोणती वधू आणि कोणता वर, हे त्यांना ठाऊक नसते.

आणि वृत्ताचाच प्रश्न असेल, तर 'अंतरपाट' यांनी दिलेला पारंपरिक चरण आपण मोजून पाहिला आहे काय? 'वाजंत्री बहु गलबला न करणे' असे लिहिले आहे तसे म्हटले, तर एक अक्षर जास्त होते. तिथे 'गल्बला' म्हणावे लागते, तेव्हाच बारा अक्षरे आणि यती जागेवर येते. जुन्या कवीने गलबला मुडपला तर ती परंपरा, आणि काकूंनी सिद्धार्थ मुडपला तर तो अपराध, हा न्याय मला समजत नाही.

छांदिष्ट

'गलबला' या शब्दातील ल मराठी माणूस बोलताना आपोआपच हलका करतो, म्हणून 'गल्बला' हा उच्चार स्वाभाविक आहे. 'सिधार्थ' असे मराठीत कोणीही म्हणत नाही, मुलाची आईसुद्धा नाही. ही दोन उदाहरणे एका मापाने मोजणे म्हणजे वृत्ताचे अज्ञान आहे, आणि चाळीस लग्नांत ते लक्षात आले नसेल, तर एकेचाळिसाव्यात येण्याची शक्यता कमी दिसते.

आत्याबाई

आपल्या घरी आपल्याला लग्नांची निमंत्रणे अजून येतात, याबद्दल आपल्या नातेवाइकांच्या सोशिकपणाला माझा नमस्कार सांगावा.

अंतरपाट

कृपया दोघांनीही मूळ विषयाकडे यावे. मंगलाष्टकांसाठी हवे तर स्वतंत्र धागा काढावा.

जुन्नरी

मंगलाष्टके हा मूळ विषयच आहे, कारण विधीतले प्रत्यक्ष संगीत म्हणून शेवटी तेच उरते. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक पद्धतीच्या लग्नासाठी जी मंगलाष्टके रचली, ती वधू आणि वर यांनी स्वतः एकमेकांना उद्देशून म्हणायची आहेत. आमच्या लग्नात आम्ही दोघांनी ती म्हटली. माझा आवाज फाटला आणि बायकोने मधला एक चरण वगळला, परंतु सनई, पेन ड्राइव्ह, आत्या आणि वृत्त हे चारही वाद एका फटक्यात मिटले. बारा मिनिटांत लग्न लागले.

छांदिष्ट

चरण वगळणे हा उपाय मला पटला.

कार्यालय व्यवस्थापक

मी गेली चौदा वर्षे एक मंगल कार्यालय चालवतो आणि इथे कोणीच विचारले नसले तरी सांगतो की, ध्वनिमुद्रित संगीत फुकट आहे असे लिहून 'हिशेबी' यांनी एका जुन्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. संगीत वाजवण्याच्या परवान्याची रक्कम भरा, अशी पत्रे आम्हाला येत असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ (१) (झेडए) अन्वये धार्मिक विधीच्या वेळी संगीत वाजवणे हा भंग ठरत नाही, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांचा उल्लेख आहे. त्यात प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण दोन्ही येतात. केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ रोजी तशी सूचनाही काढली. मात्र गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच आशयाचे जे परिपत्रक काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. कायद्यातील सवलत कायम आहे, पण आदल्या रात्रीचे संगीत आणि स्वागत समारंभातला नाच हा विधीत मोडतो की नाही, यावर पत्रव्यवहार मला करावा लागतो आणि वधू-वर पक्ष मात्र 'अहो, लग्नच तर आहे' असे म्हणून मोकळा होतो.

बाकी सनईवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही. ते वातानुकूलन बंद करायला सांगतात, तेवढीच अडचण.

वसईकर

आमच्या चर्चमध्ये हा प्रश्न निकालात निघालेला आहे. १९५८ साली रोमहून निघालेल्या संगीतविषयक सूचनांत उपासनेच्या वेळी ग्रामोफोन, रेडिओ, टेप असली यंत्रे वापरण्यास साफ मनाई केलेली आहे, त्यामुळे लग्नाच्या मिस्सेला (चर्चमधील उपासनाविधीला) गायनवृंद गातो आणि बाहेर ब्रास बँड वाजतो. गायनवृंद बेसूर असला तरी पेन ड्राइव्हचा पर्याय उपलब्ध नाही, आणि आमच्या गावचा तसा आहे, हे मी त्यात बारा वर्षे गात असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो.

सनईवाल्याचा नातू

बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज लिहितो.

माझे आजोबा सूर धरायचे. सनई वाजवणारा सर्वांना दिसतो. त्याच्या शेजारी बसून जो एकच षड्ज तासन्‌तास अखंड फुंकतो, गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्या सूरवाल्याकडे कोणी पाहत नाही. आजोबांनी सत्तावीस वर्षे सूर धरला. त्यांची बसण्याची जागा बहुतेक कार्यालयांत एकच असे, दाराबाहेर, चपलांच्या मांडणीशेजारी. जुन्या मंडळींना याचे कारण सांगावे लागणार नाही, आमची जात त्यांना ठाऊक होती. जेवण शेवटच्या पंगतीनंतर मिळत असे, आणि कधी कधी ते बांधून दिले जाई. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर चौघडा उचलायला जात होतो, म्हणून हे ऐकीव नाही.

'अंतरपाट' यांनी आजीचा जो प्रसंग सांगितला, तो वाचून मला आनंद झाला, कारण असे आमच्या घरातली माणसे खरोखर करतात. पण त्या सनईवाल्याचे नाव आपल्याला माहीत आहे काय? तो त्या दिवशी जेवला का? हा प्रश्न मी रागाने विचारत नाही, आपण उत्तर द्यावे म्हणून विचारतो.

आता 'हिशेबी' यांच्या पंधरा हजारांविषयी. पाच माणसे, भाड्याची गाडी, पहाटे चारला निघणे. माणशी अडीच हजार हातात येतात. आषाढी ते कार्तिकी चातुर्मासात लग्ने नाहीत, म्हणजे चार महिने शून्य. पंचांगात मुहूर्त मोजके असतात आणि ज्या तारखेला एकाला हवे, त्याच तारखेला दहा जणांना हवे असते. एका दिवशी दोन मुहूर्त घेऊ नयेत हे मान्य, ते चूकच आहे, पण ते का घेतले जातात याचा हिशेब हिशेबी माणसाने मांडायला हवा होता. विरहाचे सिनेगीत वाजवले असेल, तर दहापैकी नऊ वेळा ते वराच्या मित्रांनी सांगितलेले असते. आम्ही अहिर भैरव किंवा तोडी काढली की पाचव्या मिनिटाला कोणीतरी येऊन 'जरा ओळखीचे काहीतरी' म्हणून जाते.

व्यवस्थापक महाशयांना एवढेच सांगतो की, सनईची पत्ती ओली राहिली तरच बोलते. थंड कोरड्या झोतात ती दर दोन मिनिटांनी जिभेवर धरावी लागते. वातानुकूलन बंद करू नका, आम्हाला झोताखाली बसवू नका, इतकेच.

हिशेबी

म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले. ज्या प्रथेत कलावंताला चपलांशेजारी बसवले जात होते, ती प्रथा परंपरेच्या नावाखाली टिकवण्यापेक्षा पेन ड्राइव्ह अधिक माणुसकीचा ठरतो.

सनईवाल्याचा नातू

माफ करा, पण आमच्या अपमानाचा उपयोग आमचे काम काढून घेण्यासाठी करू नये. चपलांशेजारची जागा वाईट होती, म्हणून मांडवातली जागा द्या, असे मी म्हणतो आहे. घरी बसवा, असे म्हटलेले नाही. आपल्या आजोबांच्या चाळीतली तबकडी मला मनापासून आवडली. ज्यांची ऐपत नाही त्यांनी पेन ड्राइव्ह लावावा, त्यात कमीपणा काही नाही. परंतु ज्या लग्नात ड्रोनने चित्रीकरण होते आणि चाटचे पाच प्रकार असतात, तिथे सनईवरच काटकसर आठवते, याला हिशेब म्हणत नाहीत.

अंतरपाट

नाव मला माहीत नाही. आज मावसबहिणीला फोन करून विचारले, तिलाही माहीत नाही आणि काकांच्या जुन्या वहीत 'वाजंत्री' एवढीच नोंद व रक्कम आहे. जेवणाबद्दल कोणालाच आठवत नाही. मी सनईवाल्यांची बाजू घेण्यासाठी लिहायला बसले आणि लिहिताना त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला लिहिता आले नाही, हे आपण दाखवून दिले. ते मला लागले आहे आणि ते लागायलाच हवे होते.

ध्वनिमुद्रणाबद्दलचे माझे मत मात्र तसेच आहे.

आत्याबाई

नातू, आपल्या आजोबांचे नाव कळवले तर मी एका चरणात बसवून देते. दोन गुरु, एक लघु असे असेल तर फारच सोपे.

छांदिष्ट

नसेल तरी त्या बसवतीलच.

हिशेबी

ड्रोनचा मुद्दा मान्य करावा लागतो, कारण धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी आम्ही तो ठरवलेला आहे, आणि हे इथे लिहिण्यात मला काडीचाही आनंद होत नाही. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख आहे, मुहूर्त सकाळचा आहे. नातू, आपल्याकडील मंडळी एका दिवशी एकच मुहूर्त घेणार असतील, तर त्यांचे दर व्यक्तिगत निरोपात कळवावेत. घासाघीस मी थोडी करणार, तो स्वभाव आहे.

सनईवाल्याचा नातू

दर कळवतो. घासाघीस गाडीभाड्यावर करावी, माणसांवर नको. एकच मुहूर्त घेऊ आणि पाठवणी होईपर्यंत थांबू. बसायला मांडवात जागा, झोताखाली नको, आणि पहिल्या पंगतीत पाच पाने. मंगलाष्टके चालू असताना आम्ही थांबतोच, पण ती अकरा असतील तर पत्ती वाळते, तेवढे घरात आधी बोलून ठेवावे.

हिशेबी

पाने मांडतो. जागा देतो. मंगलाष्टकांविषयी आमच्या आत्याशी बोलायला मात्र आपल्यालाच यावे लागेल.